तारेपासून राउटरपर्यंत: पीसी व्हीआरसोबत आमची वाटचाल

पुण्यात संगणक जुळवून देणं हा आमचा मूळ धंदा. ग्राहक बजेट सांगतो, आम्ही प्रोसेसर, बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड निवडतो, जोडतो, रात्रभर लोडवर चालवतो आणि मगच हातात देतो. २०१६ नंतर या कामाला पीसी व्हीआरची, म्हणजे संगणकाला जोडलेला हेडसेट डोळ्यांवर चढवून आभासी जगात वावरण्याची, शाखा फुटली. आज सगळ्यात जास्त वेळ याच शाखेतल्या चौकश्यांना द्यावा लागतो, कारण व्हीआरमध्ये संगणक नुसता चालून भागत नाही. प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, ठरलेल्या वेळेत डोळ्यांपुढे यावी लागते. साध्या मॉनिटरवर फ्रेम उशिरा आली तर खेळ जरा अडखळतो. हेडसेटमध्ये उशिरा आली तर माणसाला मळमळतं.

या सगळ्या वर्षांत आमचं काम एकाच प्रश्नामागे सरकत गेलं: अडतंय कुठे? आधी ग्राफिक्स कार्डात अडत होतं, मग यूएसबी पोर्टात, मग घरातल्या वायफायमध्ये. यापुढे ते कुठे अडणार, यावरच पीसी व्हीआरचं भवितव्य ठरेल असं आम्हाला वाटतं, आणि दुकानाची आखणीही त्यावरच करतो.

अकरा मिलिसेकंदांचा हिशेब

मार्च २०१६ च्या अखेरीस ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट ५९९ डॉलरला आला आणि एप्रिलच्या सुरुवातीला एचटीसी व्हाइव्ह ७९९ डॉलरला. दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १०८०×१२०० चा पडदा आणि सेकंदाला ९० फ्रेम. आकडे साधे वाटतात, पण भिंगामुळे चित्राला येणारा बाक आधीच भरून काढावा लागतो आणि त्यासाठी मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. व्हाइव्हसाठी ते प्रत्येक डोळ्याला १५१२×१६८० होतं. दोन डोळे आणि ९० फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे ४५.७ कोटी पिक्सेल. फुल एचडी मॉनिटरला ६० फ्रेमसाठी साडेबारा कोटीच्या आत भागतं. म्हणूनच त्या वेळी किमान म्हणून जीटीएक्स ९७० किंवा आर९ २९० कार्ड, आय५-४५९० प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी सांगितली जायची.

९० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) पाहणं आम्ही तेव्हापासून बंद केलं. सरासरी ११० दाखवणारा संगणक दर सेकंदाला दोन फ्रेम १८ मिलिसेकंदांवर नेत असेल, तर तो व्हीआरसाठी नापास. वेळ चुकली की सॉफ्टवेअर फ्रेमचा वेग निम्म्यावर, म्हणजे ४५ वर आणतं आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरतं. दूरच्या डोंगराला ते चालून जातं. जवळच्या हाताच्या किंवा स्टिअरिंगच्या कडा मात्र पाण्यातून पाहिल्यासारख्या थरथरतात.

चाचणी आम्ही स्टीमव्हीआर या व्हीआर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्रेम टायमिंग आलेखावर करतो. कॅबिनेट बंद, खोलीतला एसी बंद, किमान अर्धा तास. पहिल्या दहा मिनिटांत कार्ड १०.५ मिलिसेकंदांवर छान बसलेलं दिसतं. वीस मिनिटांनी ते तापतं, त्याचा क्लॉक म्हणजे कामाचा वेग उतरतो आणि तेच दृश्य ११.६ वर जातं. मे महिन्यात नागपूरला जाणारा संगणक पुण्याच्या डिसेंबरात पास करून उपयोग नाही. पुढून दोन १४० मिमी पंखे आत, मागून एक बाहेर आणि धुळीची जाळी सहज निघणारी, एवढं केलं तरी बरंच साधतं.

भारतात व्हाइव्ह २०१७ मध्ये ९२,९९० रुपयांना मिळू लागला. संगणक धरून हा खर्च घरगुती ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून आमचं सुरुवातीचं काम गेमिंग पार्लर, अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि सॅम्पल फ्लॅट पडद्यावर फिरवून दाखवू पाहणारे बिल्डर यांच्यासाठी झालं.

यूएसबी आणि छताचा पंखा

डिसेंबर २०१६ मध्ये रिफ्टचे टच नावाचे हातात धरायचे कंट्रोलर आले आणि नवी अडचण सुरू झाली. हेडसेट यूएसबी ३ वर, दोन्ही सेन्सर यूएसबी ३ वर आणि खोलीभर फिरायचं असेल तर तिसरा सेन्सर. हे सेन्सर म्हणजे कॅमेरेच, सतत चित्र पाठवणारे. बोर्डाच्या मागे सहा पोर्ट दिसले तरी आत बहुतेकदा एकाच कंट्रोलरवर सगळे टांगलेले असतात. त्याची क्षमता भरली की खेळातला हात हवेत उडून जातो किंवा सेन्सर दिसेनासा होतो. उपाय म्हणजे फ्रेस्को लॉजिकची एफएल११०० चिप असलेलं चार पोर्टांचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड. हेडसेट बोर्डावर, सेन्सर कार्डावर. जोडीला विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. नाहीतर विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं.

व्हाइव्हला ही भानगड नव्हती, कारण त्याचे बेस स्टेशन फक्त प्रकाश फेकतात आणि मोजणी हेडसेट करतो. पण प्रकाश म्हटला की आरसा आला. आपल्या बेडरूमच्या कपाटांना पूर्ण उंचीचे आरसे असतात, त्यांवरून परतलेला किरण हेडसेटला खोटी जागा दाखवतो. खेळताना आरशावर पडदा ओढायचा. बेस स्टेशन दोन मीटरच्या वर, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, ३० ते ४५ अंश खाली झुकवून. आणि स्क्रू भिंतीतच. रॅकवर ठेवलेलं स्टेशन दार आपटलं की हलतं आणि सगळी खोली डोलते.

खोलीची पाहणी करायला गेलो की आमची नजर आधी छताकडे जाते. स्टीमव्हीआरला किमान २ मीटर × १.५ मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे ती नेमकी खोलीच्या मध्यावर मिळते आणि मध्यावरच पंखा असतो. उंच माणसाने कंट्रोलरसह हात वर केला तर तो सव्वादोन मीटरच्या पुढे जातो. नऊ फुटी छताला दांड्यासह टांगलेलं पातं त्याच उंचीवर फिरत असतं. आम्ही तो पंखा उतरवून भिंतीवरचा बसवायला सांगतो. त्याचा आणखी एक फायदा होतो: वारा एकाच बाजूने येतो, त्यामुळे डोळे झाकलेल्या माणसाला आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते कळतं.

क्वेस्टने धंद्याची दिशा बदलली

२०१९ ते २०२० या दीड वर्षात बरंच काही एकदम घडलं. जून २०१९ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्हचा इंडेक्स हेडसेट आला, १४४ हर्ट्झपर्यंत जाणारा. मार्च २०२० मध्ये 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' आला. तेवढ्या खर्चाने आणि तेवढ्या काळजीने केवळ पीसी व्हीआरसाठी बनवलेला दुसरा खेळ त्यानंतर आम्ही तरी पाहिलेला नाही. पण आमच्या धंद्यावर सगळ्यात मोठा परिणाम नोव्हेंबर २०१९ मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या ऑक्युलस लिंकने केला. संगणकाशिवाय स्वतंत्र चालणारा ऑक्युलसचा क्वेस्ट एका यूएसबी केबलने पीसीचा हेडसेट होऊ लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये क्वेस्ट २ फक्त २९९ डॉलरला आला आणि पीसी व्हीआर घरात शिरला.

लिंकच्या केबलमध्ये दोन गोष्टी बिघडतात. पहिली वेग. फोनबरोबर आलेली टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २ चीच असते. अ‍ॅपमधली केबल चाचणी लावली की लगेच कळतं: चांगली केबल दोन गिगाबिटच्या पुढे जाते, यूएसबी २ ची तीनशे मेगाबिटच्या आसपास अडकते. दुसरी वीज. साधा यूएसबी ३ पोर्ट ५ व्होल्टला ०.९ अँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॅट. हेडसेट त्याहून जास्त खातो, म्हणून केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते आणि दोन-अडीच तासांत खेळ थांबतो. ३ अँपिअर देणारा टाइप-सी पोर्ट किंवा मध्येच चार्जर जोडता येणारी केबल घेतली की हे थांबतं.

मग तार गेली. एप्रिल २०२१ मध्ये वायफायवर चालणारी एअर लिंक आली, तेच काम करणारं व्हर्च्युअल डेस्कटॉप त्याआधीपासून होतंच, आणि २०२३ च्या शेवटी व्हॉल्व्हनेही क्वेस्टसाठी स्टीम लिंक दिली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ग्राफिक्स कार्डाच्या कमी आणि राउटरच्या जास्त असतात. ग्राहक नवं कार्ड मागायला येतो आणि आम्ही त्याला कॅट ६ केबल देऊन पाठवतो.

बसवण्याची आमची पद्धत अशी. संगणक राउटरला तारेनेच जोडायचा, गिगाबिट पोर्टावर. संगणकही वायफायवर असेल तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते आणि चॅनेलचा निम्मा वेळ त्यातच संपतो. इंटरनेट कंपनीचा राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे असतो, मध्ये आरसीसीची भिंत. त्याच्या नादी न लागता खेळण्याच्या खोलीत दुसरा वायफाय ६ राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावायचा, डोक्याच्या वर, हेडसेटला थेट दिसेल असा. त्याच्या ५ गिगाहर्ट्झवर फक्त हेडसेट. घरातले फोन, टीव्ही आणि कॅमेरे जुन्याच राउटरवर.

चॅनेल ऑटोवर ठेवायचं नाही. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी ते, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. एवढ्यावर हेडसेट १२०१ मेगाबिटची लिंक दाखवतो आणि ती पुरते. पुष्कळ जण २४०२ चा आकडा पाहून १६० मेगाहर्ट्झ लावतात. पण तेवढ्या रुंदीला ५२ पासून पुढचे चॅनेल लागतात आणि ते रडारशी वाटून घेतलेले आहेत. रडारसारखा संकेत ऐकू आला की राउटरला ती जागा सोडावीच लागते आणि खेळाच्या मधोमध चित्र गोठतं. विमानतळाच्या जवळपासच्या सोसायट्यांत तर आम्ही ते चॅनेल सुरूच करत नाही.

बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची त्या आकड्याचा, मोहही आवरावा लागतो. आरटीएक्स ४० मालिकेपासूनची कार्डं एव्ही१ या पद्धतीने चित्र दाबू (पाठवण्यासाठी लहान करू) शकतात आणि क्वेस्ट ३ ते उलगडू शकतो. १० बिट एव्ही१ ला २०० मेगाबिट दिले की अंधाऱ्या दृश्यांतले पट्टे जातात. क्वेस्ट २ ला एव्ही१ येत नाही, त्याला एचईव्हीसी या जुन्या पद्धतीवर १५० पुरे. आकडा त्याहून वाढवला तर चित्र थोडं सुधारतं, पण उलगडायला लागणारा वेळ वाढतो. हालचालीपासून चित्रापर्यंतचा एकूण उशीर ४० ते ५० मिलिसेकंदांत ठेवायचा. मान वळवताना तेवढा उशीर जाणवत नाही, कारण तो फरक हेडसेट स्वतः शेवटच्या क्षणी भरून काढतो. हाताचा उशीर मात्र भरून निघत नाही. म्हणून 'बीट सेबर' वरच्या पातळीवर खेळणाऱ्याला आम्ही अजूनही तारच सुचवतो.

खोलीच्या दोन बारीक गोष्टी. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करायची, आपली वीज ५० ची आहे. ६० वर राहिली तर दिव्यांच्या लुकलुकण्याने कॅमेरे गोंधळतात. आणि सपाट पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला धरायला खूण सापडत नाही, तिथे दोन-तीन चित्रं किंवा कॅलेंडर लावलं की कंट्रोलर स्थिर होतात. हेडसेट खिडकीत कधीही ठेवू नये. भिंगातून सूर्यकिरण पडद्यावर एकवटतो आणि थोड्याच वेळात कायमचा डाग पाडतो.

सिम्युलेटरवाले

खेळांच्या दुनियेत पीसी व्हीआरचा पाया कोणी टिकवून धरला असेल तर तो विमान आणि शर्यतीच्या सिम्युलेटरवाल्यांनी. 'डीसीएस वर्ल्ड', 'आयरेसिंग', 'असेटो कोर्सा', आणि डिसेंबर २०२० पासून 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'. इथे खेळाडू बसलेला असतो, हातात खरं स्टिअरिंग असतं, चालण्याचा प्रश्नच नाही. वळणाचा आतला कोपरा मान वळवून पाहता येणं, धावपट्टीपर्यंतचं अंतर डोळ्यांना जाणवणं, हे तीन मॉनिटर लावूनही मिळत नाही.

या ग्राहकांकडे अडतं ते बहुधा प्रोसेसरमध्ये. आलेखात जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ८ मिलिसेकंदांवर आरामात आणि सीपीयू (प्रोसेसर) १४ वर, असं चित्र असेल तर महागडं कार्ड घेऊन एक फ्रेमही वाढत नाही. ९६ एमबी एल३ कॅशचे (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीचे) रायझन ७ ५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी इथे फार उपयोगी पडले, कारण सिम्युलेटर पुन्हा पुन्हा त्याच माहितीकडे धावतो. मेमरी ३२ जीबी, डीसीएसला ६४. २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव चढले तेव्हाही हा आकडा आम्ही खाली आणला नाही. त्याऐवजी कॅबिनेटचे रंगीत दिवे काढले.

विमानवाल्यांना वायरलेस पटत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. कॉकपिटमधले बारीक आकडे दाबलेल्या चित्रात पुसट होतात. त्यांच्यासाठी डिस्प्लेपोर्टवर थेट चालणारे हेडसेट, जसे पायमॅक्स क्रिस्टल किंवा जेमतेम १२७ ग्रॅमचा बिगस्क्रीन बियाँड. ऑगस्ट २०२४ पासून सोनीचा पीएसव्हीआर२ सुद्धा अ‍ॅडॅप्टरने पीसीला लागतो. एचडीआर आणि नजर टिपण्याची सोय पीसीवर मिळत नाही, तरी ओएलईडी पडद्याचा काळा रंग या किमतीत दुसरीकडे नाही. त्याला डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो. फक्त एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपला कन्व्हर्टर लावून काम होत नाही, आणि लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट बऱ्याचदा मुख्य कार्डाऐवजी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. तो कुठे जोडलाय हे पाहिल्याशिवाय आम्ही अ‍ॅडॅप्टर विकत नाही. कंट्रोलर तुटक चालत असतील तर ब्लूटूथ डोंगल यूएसबी ३ पोर्टाच्या शेजारून काढून मीटरभर यूएसबी २ एक्स्टेन्शनवर न्यायचा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो.

पुढे काय

पीसी व्हीआर फार मोठा बाजार नाही. स्टीमच्या मासिक पाहणीत हेडसेट जोडलेले वापरकर्ते दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळतात. मोठ्या खर्चाचे खेळ आता क्वेस्टसाठी बनतात: 'अ‍ॅसगार्ड्स राथ' २०१९ मध्ये पीसीवर आला, त्याचा दुसरा भाग २०२३ मध्ये फक्त क्वेस्टवर. हे चित्र पालटेल असं आम्ही ग्राहकाला सांगत नाही. तरी पीसीवर खेळायला काही उरणार नाही, असं आम्हाला वाटत नाही. सिम्युलेटर आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या यूईव्हीआर या सॉफ्टवेअरने अनरियल इंजिनवरचे पुष्कळसे साधे खेळ व्हीआरमध्ये उघडून दिले. त्यासाठी लागणारी ताकद पीसीतच आहे.

हेडसेट घेताना आता आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो ड्रायव्हर, म्हणजे हेडसेट विंडोजला जोडणारं सॉफ्टवेअर, कोणाच्या हातात आहे हा. विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे हेडसेट २०१७ मध्ये आले, डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद करत असल्याचं सांगितलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून आधारच काढला. चांगले चालू हेडसेट एका अपडेटने निकामी झाले. २०२५ मध्ये ओअ‍ॅसिस नावाच्या ड्रायव्हरने त्यांना स्टीमव्हीआरवर पुन्हा उभं केलं, तेही एनव्हिडिया कार्ड असेल तरच. कपाटात असा हेडसेट पडला असेल तर भंगारात टाकण्याआधी हे करून पाहावं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम हा हेडसेट जाहीर केला आणि आमच्या मते पुढची दिशा त्यात स्पष्ट दिसते. प्रत्येक डोळ्याला २१६०×२१६०, आत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसर, पीसीकडून येणाऱ्या चित्रासाठी ६ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र डोंगल. राउटरचं जे काम आम्ही हाताने करत आलो, ते डब्यातच आलं. शिवाय तो नजर टिपतो आणि जिथे पाहताय तिथेच चित्राचा दर्जा जास्त ठेवून बाकीचं जास्त दाबतो. यात एक फरक नीट समजून घ्यायला हवा. हे झालं चित्र पाठवण्यातलं काटकसरीचं तंत्र. ते सगळ्या खेळांना आपोआप लागू होतं, पण त्याने ग्राफिक्स कार्डाचं ओझं उतरत नाही, कारण कार्ड पूर्ण चित्र काढतंच. नजरेबाहेरचं चित्र मुळातच कमी तपशिलात काढणं हे वेगळं तंत्र आहे आणि त्याला खेळाची साथ लागते. डीसीएसमध्ये ते आहे. ते तंत्र सर्रास होईल त्या दिवशी मधल्या दर्जाच्या कार्डावरही उत्तम व्हीआर चालेल. अडथळा तिथे, खेळ बनवणाऱ्यांच्या टेबलावर, सरकलेला आहे.

आपल्याकडे याला दोन अडचणी आहेत. इंडेक्स किंवा स्टीम डेक (हातात धरून खेळायचा संगणक) व्हॉल्व्हने भारतात अधिकृतपणे विकले नाहीत, त्यामुळे अशी उपकरणं अमेरिकेतल्या भावाच्या सामानातून येतात आणि वॉरंटी तिकडेच राहते. दुसरी ६ गिगाहर्ट्झच्या परवानगीची होती. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा घरात कमी शक्तीवर परवान्याशिवाय वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला आणि अंतिम नियम जानेवारी २०२६ मध्ये आले. बाहेरून आणलेला राउटर त्या देशाच्या सेटिंगवर चालवून द्या, अशी मागणी येते. ती आम्ही नाकारतो आणि भारतात मान्यता असलेलंच उपकरण बसवतो.

आज कोणी आमच्याकडे पुढची चार-पाच वर्षं चालेल असा व्हीआर संगणक मागितला तर कार्डावर किमान १२ जीबी मेमरी, शक्यतो १६; क्वेस्ट ३ च्या रिझोल्यूशनला ८ जीबी भरून सांडते आणि मग कितीही वेगवान कार्ड असलं तरी हिसके बसतात. एव्ही१ एन्कोडर असलेलंच कार्ड. ७५० वॅटचा पॉवर सप्लाय, १६ पिनांचा कनेक्टर टक्क आवाज येईपर्यंत आत आणि पहिले साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ. पुढच्या बाजूला एक मोकळा यूएसबी ३ पोर्ट, उद्याच्या डोंगलसाठी, पत्र्याच्या आड न जाणारा. साइन वेव्ह यूपीएस, कारण साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर नवे पॉवर सप्लाय कुरकुरतात. आणि राउटरसाठी त्याच यूपीएसवर एक सॉकेट राखून.